तिसऱ्या गिअरचं वळण

"…आणि टायमिंग हललंय हे वळखायचं कसं?"

दस्तगीर उस्तादांचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोवर बाळगोंडानं उत्तर सुरू केलं.

"वळखायचं काय त्यात? गाडी सोताच सांगती. चढाला लागली की इंजिनातनं ठोका येतो, डब्यात खडं हलवल्यागत. हँडल मारायला जावं तर उलटा फटका, मनगट निखळायची पाळी. म्हंजे आग येळंआधी पेटतीय. टायमिंग पुढं गेलंय."

"आणि मा…"

"आणि मागं पडलं की ठोका न्हाई, पर गाडीत जीव बी न्हाई. पाय दाबला तरी झोपल्यागत चालती. पाणी उकळतं. उताराला पाय काढला की सायलेन्सरात फटाकं."

"…गं पडलं तर काय, असं इचारणार हुतो," उस्ताद म्हणाले. "सांगितलंस. बरं झालं."

आणि त्यांनी चहाचा पेला उचलला.

उंबरनाक्याला जिथं घाट सुरू होतो, तिथं उंबराच्या झाडाखाली चार पत्रे टाकून उस्तादांचं गॅरेज होतं. शेजारी माझी चहाची चूल. तीस वर्षं त्यांच्या पान्यांचा आवाज आणि माझ्या पातेल्याचा आवाज एकमेकांशेजारी नांदले.

त्या वर्षी कारवी फुलली होती. सात वर्षांनी एकदा फुलते ती. सगळा डोंगर निळा, आणि सकाळी त्या निळ्यावरून धुकं उतरायचं ते असं, की माणूस समोर उभा असला तरी आहे की नाही, वाटावं.

त्या धुक्यातूनच बाळगोंडाची गाडी आली होती. गोल पाठीची, काळी, जुनी. आधी हेडमास्तरांची होती, मग यानं घेतली.

थांबल्यावर त्यानं चावी काढली. तरी इंजिन बंद होईना. फुक… फुक… करत घटकाभर आपलं आपणच फिरत राहिलं, आणि मग शांत झालं.

उस्तादांनी मान वर केली.

"चावी काढली तरी बोलतीय."

"लई तापलंय इंजिन, म्हणून."

"व्हय. तापलेला गडी असाच. थांब म्हटलं तरी दोन शब्द जास्ती."

बाळगोंडा हसला नाही. सात वर्षांनी तो त्या उंबराखाली आला होता. मागं कारवी फुलली तेव्हा गेला होता, तोही भांडून. पोटच्या पोरासारखा शिकवलेला शागीर्द. भर गिऱ्हाइकांपुढं म्हणाला होता, "उस्ताद, तुमच्या कानावर किती दिवस गाड्या चालणार? आता मशिनी आल्यात." तालुक्याला जाऊन त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. टायमिंग बघायची दिव्याची मशीन आणली. नाव झालं. गडी हुशारच होता, खोटं कशाला बोलू.

तो आता आला होता, कारण त्याची बायको गाडीत बसायला तयार नव्हती.

पद्मावतीचं माहेर घाटावर, हेळवाडीत. सातव्या महिन्यात बाळगोंडानं तिला याच गाडीतून, उंबराखाली न थांबता, वर नेलं. अर्ध्या घाटात गाडी उकळली आणि मेली. धुक्यात तीन तास बसून शेवटी ती पोरगी भरल्या पोटानं, शोधत खाली आलेल्या भावाचा हात धरून, चालत घर गाठती झाली.

आता नववा सरत आला होता. बाळ आडवं आहे, बाळंतपण खाली दवाखान्यातच करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. एसटीचे दणके नकोत, हेही सांगितलेलं. आणि पद्मा म्हणाली होती, "उस्तादांचा हात पडल्याबिगर मी त्या गाडीत पाय ठेवणार न्हाई. हितंच काय व्हायचं ते होऊ दे."

हात पडणं म्हणजे काय, ते सांगते. त्या घाटात एक रीत होती. नवरी असो, आजारी असो, अवघडलेली बाई असो… गाडी घाटाला लागण्याआधी उंबराखाली थांबायची. उस्ताद चालत्या इंजिनाच्या बॉनेटवर तळवा टेकवायचे, डोळे मिटून थोडं उभे राहायचे. हात उचलून म्हणायचे, "जावा." मगच लोक बसायचे. कधी म्हणायचे नाहीत. मग गाडी तिथंच थांबायची. त्यावर कुणी वाद घालत नसे.

"हात ठेवा, उस्ताद," बाळगोंडा म्हणाला. "बाकी माझं मी बघतो."

उस्ताद चहा फुंकत होते.

"टायमिंग कितींदा हलवलंस?"

"तीनदा. ठोका येतो म्हणून मागं घेतलं. मागं घेतलं तर उकळाय लागली. पुढं केलं, तर पुन्हा ठोका. आता परत मागं हाय."

"पहिल्यांदा हलवायच्या आधी मशीन काय म्हणत हुती?"

"मशीन म्हणत हुती, बरोबर हाय."

"आणि माझी छिन्नीची खूण?"

बाळगोंडा जरा घुटमळला. ज्या डब्यातून प्लगला ठिणगी जाते, त्याला ही माणसं डेलको म्हणतात. तो फिरवला की टायमिंग हलतं. त्याच्या मानेशी उस्ताद छिन्नीनं केसाएवढी रेघ मारून ठेवायचे, घाटातल्या प्रत्येक गाडीला.

"रेघ बी तिथंच हुती," तो म्हणाला. "पर ती जुनी हुती."

"मशीन नवी, रेघ जुनी. दोघींचं एकच म्हणणं. तरी हलवलंस?"

"ठोका येत हुता, उस्ताद. मी काय करू?"

"कुठं येत हुता?"

"तिसऱ्याच्या वळणाला."

"अजून कुठं?"

"…अजून कुठं न्हाई."

उस्तादांनी चहा संपवला. पेला माझ्याकडे दिला.

मग उठले. बॉनेट उघडलं. एक बोल्ट सैल केला, डेलको बोटभरही नाही, नखभर फिरवला. रेघेला रेघ जुळली. बोल्ट आवळला.

"ही तीच जागा झाली," बाळगोंडा म्हणाला. "हितं ठोका मारणार."

"मारू दे."

"मारू दे कसं? पद्मा…"

"बाळू, आग कोण पेटवतं?"

"प्लग."

"प्लगला कोण सांगतं?"

"डेलको."

"डेलकोला?"

"त्याला कॅम फिरवतो."

"कॅमला?"

"क्रँक. क्रँकला पिस्टन. पिस्टनला आग. झालं, परत हितंच आलासा."

"न्हाई. एक ऱ्हायलं."

"काय ऱ्हायलं?"

उस्तादांनी हात पुसले. चपला काढून उंबराच्या बुंध्याशी ठेवल्या आणि अनवाणीच गाडीत पुढं जाऊन बसले.

"चल. मी वर येतो तुझ्यासंगं. तानाक्का, तू बी चल. येताना पोरीला बाईमाणूस सोबत पायजे."

मी चुलीत पाणी मारलं आणि मागं बसले.

"पर हात…" बाळगोंडा म्हणाला. "बॉनेटवर हात न्हाई ठेवला तुमी."

"चल."

हँडल मारलं, ते गुमान फिरलं. फटका नाही, काही नाही. इंजिन लागलं. आवाज असा, जणू दूर कुणी जात्यावर बसलंय.

त्या दिवशीचा घाट अजून कधी डोळा लागला की दिसतो. रस्ता दिसत नव्हता. निळं आणि पांढरं, एवढंच होतं. मधमाश्यांचा घूं आवाज कुठं संपतो आणि इंजिनाचा कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं. मधूनच कठड्याचा एखादा दगड दिसायचा आणि विरघळायचा. आपण चढतोय की कुणी आपल्याला उचलून नेतंय…

बाळगोंडा मात्र बोलत होता. कार्बोरेटर कसा खोलला, प्लग कुठल्या कंपनीचे घातले, तालुक्यात कोण मिस्त्री किती कच्चा आहे. उस्ताद डोळे मिटून होते. तळपाय गाडीच्या पत्र्यावर टेकवलेले. झोपलेत असं वाटावं.

पहिलं वळण गेलं. ठोका नाही.

खिंडीचं वळण गेलं. ठोका नाही.

"आता येईल," बाळगोंडा म्हणाला. त्याच्या आवाजात काळजीही होती आणि थोडी वाट बघणंही.

तिसऱ्याचं वळण हे घाटातलं सगळ्यात खडं वळण. शहाणा ड्रायव्हर तिथं गाडी दुसऱ्या गिअरात घेईल. पण त्या घाटात तसं चालत नसे. चाळीस वर्षांपूर्वी दस्तगीर उस्तादांनी, तेव्हा ते ड्रायव्हर होते, भरला ट्रक त्या वळणातून तिसऱ्या गिअरात काढला होता. ही गोष्ट घाटातल्या प्रत्येक पोराला पाळण्यात ऐकवलेली. वळणावरच्या कातळावर चुन्यानं मोठा तीनचा आकडा काढलेला होता, दर दसऱ्याला ड्रायव्हर मंडळी तो नव्यानं रंगवायची, नारळ फोडायची.

आणि कठड्यावर बसलेले असायचे दोघंचौघं, न्याहारी करत, इंजिनाला विसावा देत. कुणी तिथं गिअर खाली टाकला की ते लांब शीळ घालायचे. ती शीळ म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. महिनाभर नाक्यानाक्यावर ऐकून घ्यावं लागे, "काय, दुसऱ्यात गेलासा म्हणं?"

उस्तादांचा शागीर्द तिथं गिअर खाली टाकेल, हे तर होणंच नव्हतं.

धुक्यात तो पांढरा आकडा तरंगत पुढं आला.

बाळगोंडानं पाय खाली दाबला. गाडी तिसऱ्यातच वळणात शिरली. इंजिन घुसमटलं. आणि आला… टक टक टक टक, डब्यात खडे हलवावे तसा.

"ऐकलासा?" बाळगोंडा जवळजवळ आनंदानं म्हणाला. "ऐकलासा, उस्ताद? ह्योच. सांगत हुतो का न्हाई? टायमिंग पुढं हाय, तुमची रेघ…"

गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, दोघांच्या मधे होता. बाळगोंडाचा हात त्यावर होता. उस्तादांनी डोळे न उघडता आपला तळवा त्या हातावर ठेवला.

बाळगोंडाचा पाय क्लचवर गेला. कसा गेला, त्यालाही ठाऊक नसावं. सोळाव्या वर्षी शिकताना तो हात असाच पडायचा आणि पाय असाच जायचा.

उस्तादांनी दांडा दुसऱ्यात ओढला.

ठोका थांबला.

एकदम थांबला. जसं रडतं मूल कुशीत घेतल्यावर थांबतं. गाडी मोकळा श्वास घेऊन, हळू, पण न अडखळता चढायला लागली.

कठड्यावर दोन सावल्या होत्या. धुक्यातून शीळ आली, लांब, वर चढत गेलेली.

बाळगोंडाचे कान लाल झाले. मला मागून दिसत होते.

उस्तादांनी काच खाली केली. दोन बोटं तोंडात घातली आणि तशीच, तेवढीच लांब शीळ परत घातली.

पलीकडची शीळ मधेच तुटली. "उस्ताद हायत रं गाडीत…" असं काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मग धुकंच.

उस्तादांनी काच वर घेतली. हात अजून बाळगोंडाच्या हातावरच होता.

त्यानंतर वर पोचेपर्यंत बाळगोंडा एक शब्द बोलला नाही. वळण आलं की हात हलायचा, गिअर बदलायचा. इंजिन गुणगुणत होतं. मला वाटतं, मी थोडा वेळ झोपलेही. स्वप्नातही तोच निळा डोंगर होता.

हेळवाडीत पद्मा उंबऱ्यात बसली होती. पिशवी भरलेली, पण तिच्या शेजारी, हातात नाही. आई मागून समजावत होती, ती ऐकत नव्हती.

बाळगोंडा स्टिअरिंगवरच बसून राहिला. त्यानं दार उघडलं, पाय बाहेर टाकले, पण उठला नाही.

पद्मा त्याच्याकडे बघून म्हणाली, "हात ठिवला का उस्तादांनी?"

याआधीचा बाळगोंडा असता, तर तिचं वाक्य संपायच्या आत चार कारणं दिली असती. त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"न्हाई," तो म्हणाला.

पद्मानं पदर सावरला. बसली होती तशीच राहिली.

"पर रेघ जुळीवली असंल की त्येनी," तिची आई म्हणाली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आयांना काय, लेक गाडीत बसावी एवढंच हवं होतं.

"रेघंचं मला काय कळतं? मी हात इचारला."

उस्ताद खाली उतरले. अनवाणी, ओल्या अंगणातून चालत पुढं आले. इंजिन चालूच होतं. बॉनेटजवळ पोचले. घाटातला तो हात कधी पडायचा, कधी पडायचा नाही… आणि इथं तर पोटातलं बाळही आडवं पडून वाट बघत होतं.

उस्ताद बॉनेटला वळसा घालून पुढं गेले.

उघड्या दाराशी थांबले. वाकले. आणि तळवा बाळगोंडाच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. ज्या पायानं गाडी दाबतात, त्या.

डोळे मिटले. थोडा वेळ तसेच उभे राहिले, बॉनेटवर राहायचे तसेच.

माशा घोंगावत होत्या.

बाळगोंडा खाली मान घालून बसला होता.

उस्तादांनी हात उचलला.

"जावा," ते म्हणाले.

पद्मा नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी उचलली.

"बरं झालं," ती म्हणाली. "त्यो भाग कुणी तपासलाच नव्हता इतकी वर्सं."

आई पदरात तोंड घालून हसली. बाळगोंडाही हसला, उशिरा, पण हसला. आणि पद्मा माझ्याशेजारी येऊन बसली. माझा हात घट्ट धरला तिनं. तळवा गार होता.

उतरताना धुकं जरा विरळ झालं होतं. ऊन नव्हतं, पण ऊन येणार असं सगळीकडे लिहिल्यासारखं होतं. कारवीची निळाई आता खालून वर येत होती आणि आम्ही तिच्यात बुडत चाललो होतो. बाळगोंडा गाडी दुसऱ्यातच ठेवून, इंजिनाच्या जोरावर अडवत आणत होता. एकही दणका नाही. सायलेन्सरात एकही फटाका नाही. पद्माची मान माझ्या खांद्यावर कलली.

तिसऱ्याचं वळण आलं. खालून चढताना जे कपाळावर येतं, ते वरून बघितलं की पायाखाली जातं. कठड्यावरचे दोघं गेले होते. कातळावरचा पांढरा आकडा तेवढा ओला चमकत होता.

बाळगोंडानं गाडी तिथं अगदी सावकाश घेतली. आकड्याकडे बघितलं. मग उस्तादांकडे.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, मागं बायको जागी होऊ नये अशा बेतानं. "एक इचारू?"

"इचार."

"हितं दुसरा गिअरच बरोबर, व्हय ना?"

"दुसराच."

"मग तुमी…" तो थांबला. वाक्य त्यानं स्वतःच तोडलं, असं मी पहिल्यांदाच बघितलं. "समदा घाट सांगतो. चाळीस वर्सं झाली. भरला ट्रक. तुमी तिसऱ्यात काढलासा, हे खोटं हाय?"

"खरं हाय."

गाडी आकड्यासमोरून सरकत होती. बाळगोंडा वाट बघत राहिला. पूर्वी त्यानं हे कधी केलं नव्हतं.

उस्तादांचे डोळे मिटलेलेच होते. तळपाय पत्र्यावर. इंजिन ऐकत होते की झोपेत होते, कोण जाणे.

"ट्रक कुठल्या तोंडाला हुता, ते आजवर कुणी इचारलं न्हाई," ते म्हणाले.

"…कुठल्या?"

"खालच्या. बिरेक गेलं हुतं."